मधला माणूस

परवा ऑफिसमधून येताना डोंबिवलीला उतरले आणि स्टेशनबाहेरच्या नेहमीच्या मेडिकलमध्ये गेले. गर्दीची वेळ, काउंटरला माणसं चिकटून उभी, कोणाची खोकल्याची बाटली, कोणाचे डायपर, मागे रिक्षांचा आरडाओरडा. आईच्या बीपीच्या गोळ्या घेतल्या, शिवाय माझं स्वतःचं एक औषध होतं, जरा खाजगी, ते कागदी पिशवीत घालून दे म्हटलं. फोन काढला. मला दिसत नाही, स्क्रीनवरचं सगळं फोन बोलून सांगतो, म्हणून एका कानात इअरफोन कायम असतोच, आणि दुकानाचा नंबर सेव्ह करून ठेवलाय त्यामुळे क्यूआरचा बोर्ड शोधत कॅमेरा फिरवायला लागत नाही. रक्कम टाकली, पुढे गेले, पिनचं पान उघडलं आणि फोन म्हणाला, बटन. उजवीकडे स्वाइप केलं, बटन. अजून एकदा, बटन. आदल्या रात्रीपर्यंत हेच पान एक, दोन, तीन, चार असं नीट बोलत होतं, रात्री अपडेट आलं असणार, आणि सकाळी कोणीतरी त्या सगळ्या आकड्यांची नावं पुसून गेल्यासारखं झालं होतं. आकडे जागेवर होते, डोळस माणसाला दिसतही असणार, मला मात्र नुसती बटनांची रांग ऐकू येत होती.

मागून कोणीतरी सुस्कारा सोडला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ताई, द्या ना इकडे, मी टाकतो. पिन काय आहे?"

चांगला मुलगा आहे हो. गोळ्यांच्या पाकिटावर रबर लावून देतो म्हणजे सकाळची कुठली आणि रात्रीची कुठली मला कळतं, एक्स्पायरी न विचारता वाचून सांगतो. त्याच्या आवाजात फक्त मदत होती, त्यामुळे रागवायला जागाच नव्हती. मी म्हटलं, राहू दे, कॅश देते. पर्समध्ये नोटा दुमडून ठेवलेल्या असतात, पाचशेची उभी घडी, दोनशेची आडवी, शंभरची तशीच. ही पद्धत ठेवावी लागते कारण आताच्या पाचशेची लांबी 150 मिलिमीटर, दोनशेची 146 आणि शंभरची 142, रुंदी तिन्हींची सारखीच. चार मिलिमीटरचा फरक, तोही गर्दीत, उभ्या उभ्या, घामेजल्या बोटांनी ओळखायचा. 2016 च्या आधीच्या नोटांमध्ये शंभर आणि पाचशेत पूर्ण एक सेंटिमीटरचा फरक होता, बोटाला लगेच कळायचं. पैसे दिले, सुट्टे घेतले, घरी आले, स्वयंपाक केला, आईला गोळ्या दिल्या. पण डोक्यातून ते वाक्य जाईना. पिन काय आहे. किती सहज विचारलं त्याने, नाव काय आहे विचारावं तसं, आणि आजूबाजूच्या त्या सगळ्या माणसांपैकी कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मला तो प्रश्न ओळखीचा वाटला. लहानपणापासून ऐकत आलेय, फक्त शब्द वेगळे असायचे.

मी निवासी शाळेत होते, अंध मुलींच्या. आईची पत्रं यायची, निळ्या इनलँडवर. जेवणानंतर बाई व्हरांड्यात बसायच्या आणि ज्यांची ज्यांची पत्रं आलीत त्यांना बोलावून वाचून दाखवायच्या. बाई फार प्रेमळ होत्या, आवाज सुंदर होता, मध्येच थांबून आमच्या डोक्यावरून हात फिरवायच्या. पण माझं पत्र माझ्या आधी त्यांना कळायचं, आणि माझ्या शेजारी बसलेल्या मुलींना माझ्याबरोबरच. आईलाही हे माहीत होतं, म्हणून तिची पत्रं सगळी एकसारखी असायची, अभ्यास कर, दूध पी, दादाला पास झाल्याबद्दल सायकल घेतली, मांजरीला पिल्लं झाली. त्याच वर्षी बाबांची कंपनी बंद पडली होती. महिनोन्‌महिने घरात पगार नव्हता, आईने बांगड्या मोडल्या होत्या, आणि मला ह्यातलं काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं. सुट्टीत घरी गेले तेव्हा कपाटाचा खण उघडताना बांगड्यांचा आवाज आला नाही, म्हणून विचारलं, तेव्हा कळलं. आई म्हणाली, अगं बाई वाचणार, मुली ऐकणार, कसं लिहू? आणि माझं उत्तर? ब्रेलमध्ये लिहिलं तर आईला वाचता येत नव्हतं, मग मीही बाईंनाच सांगायचे आणि त्या लिहायच्या. मला तिथे रात्री भीती वाटते हे मी कधीच कळवू शकले नाही, कारण ज्यांना सांगून ते लिहून घ्यायचं त्यांनाच वाईट वाटलं असतं.

पुढे परीक्षेला लेखनिक. मी बोलायचं, तिने लिहायचं, आणि मनात सतत धाकधूक की हिने जे लिहिलंय ते मी बोलले तेच आहे ना. अभ्यासाला वाचक, कॉलेजमधल्या मुली वेळात वेळ काढून कॅसेटवर धडे वाचून द्यायच्या, एकीच्या रेकॉर्डिंगमध्ये मागे कायम कुकरच्या शिट्ट्या असायच्या, अजूनही शिट्टी ऐकली की मला अर्थशास्त्र आठवतं. एसटीडी बूथवर नंबर लावून द्यायला बूथवाला. पासबुक वाचायला दादा. पगाराचा आकडा पहिल्यांदा मला ऑफिसातल्या शिपाईकाकांकडून कळला, कारण स्लिप त्यांनी वाचली. ह्या सगळ्यांचे माझ्यावर उपकार आहेत आणि मी ते मनापासून मानते, त्या मुलींनी कॅसेट भरल्या नसत्या तर मी बी.ए. झालेच नसते. तरीही सांगते, आयुष्यातल्या प्रत्येक कागदाच्या आणि माझ्या मध्ये एक माणूस बसलेला होता, आणि तो कितीही चांगला असला तरी मध्येच होता.

म्हणून माझ्यासाठी फोन म्हणजे काय हे डोळस माणसांना सांगणं जरा अवघड जातं. त्यांना वाटतं, सोय झाली. सोय तर झालीच.

पहिला बटनांचा फोन हातात आला तेव्हा मी आधी पाचच्या बटनावरचा तो बारीक उंचवटा शोधला. बोटाला एकदा पाच सापडला की वर दोन, खाली आठ, डावीकडे चार, सगळं आपोआप. त्या एका टिंबावर आम्ही सगळे फोन करायचो. नंबर पाठ असायचे, शंभर-दीडशे तर सहज. मग नोकियाच्या सिम्बियन सिस्टीमवाल्या फोनवर बोलणारं सॉफ्टवेअर आलं, टॉक्स म्हणायचो आम्ही त्याला, महाग होतं, पण ज्यांच्याकडे होतं त्यांच्याभोवती वसतिगृहात घोळका जमायचा. आवाज इंग्रजी, आणि मराठी मेसेज रोमन लिपीत लिहिलेले, त्यामुळे "तू कधी येणार" हे अशा काही उच्चारात यायचं की दोनदा-तीनदा ऐकायला लागायचं. पण मी स्वतः ऐकला तो मेसेज. माझा मेसेज पहिल्यांदा मला एकटीला कळला, बाजूला कोणी नसताना. बाथरूमच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये उभी राहून ऐकला होता, अजून आठवतंय, ओल्या फरशीचा वास, आणि फोनचा तो बारका चिरका आवाज कानाला दाबून धरलेला.

आणि मग काच आली.

2007 ला आयफोन आला त्याच्या बातम्या रेडिओवर ऐकल्या तेव्हा आमच्यात खरोखर धास्ती पसरली होती. बटनंच नाहीत म्हणे. सगळे फोन आता असेच होणार म्हणे. ऑफिसात एकाने नवा टचचा फोन आणला, माझ्या हातात दिला, मी त्यावरून बोट फिरवलं आणि काहीच लागलं नाही. गार, गुळगुळीत, कडेपासून कडेपर्यंत सपाट. त्यातच कुठेतरी माझा स्पर्श झाला आणि कोणाला तरी फोन लागला, तो म्हणाला अगं अगं, आणि फोन काढून घेतला. मला वाटलं संपलं आता आपलं. ज्या टिंबावर सगळं उभं होतं तेच ह्यांनी घासून टाकलं.

प्रत्यक्षात झालं उलटंच, पण ते कसं झालं हे मला बरीच वर्षं नीट माहीत नव्हतं, नंतर वाचत गेले. अडचण अशी की टचस्क्रीनवर बोट टेकलं की काम होतं, आणि आमचं तर सगळं शोधणंच बोट टेकून चालतं. म्हणजे शोधणं आणि दाबणं ह्या दोन गोष्टी आधी वेगळ्या करायला हव्या होत्या. 2008 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी स्लाइड रूल नावाचं काम केलं, त्यात बोट सरकवत न्यायचं, खाली जे असेल ते फोन बोलतो, आणि हवं ते सापडलं की वेगळी खूण करून ते उघडायचं. जून 2009 मध्ये आयफोन 3जीएस आला तो व्हॉइसओव्हर, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, आतच घेऊन, वेगळे पैसे नाहीत, दुकानातून घेतलेला कुठलाही फोन घ्या आणि चालू करा. एकदा स्पर्श केला की ऐकायचं, दोनदा टकटक केलं की उघडतं. इतकं साधं. त्याच वर्षी अँड्रॉइडच्या 1.6 मध्ये तसंच काम करणारं टॉकबॅक आलं, पण काचेवर बोट फिरवून ऐकायची सोय 4.0 मध्ये म्हणजे 2011 ला आली आणि स्वाइप करत एकेक गोष्ट पुढे जायची पद्धत 4.1 ला, 2012 मध्ये. आपल्याकडे बहुतेक जणांच्या हातात अँड्रॉइडच, त्यामुळे आमची खरी टचस्क्रीन तेव्हापासून सुरू झाली असं म्हणायला हरकत नाही.

ह्या सगळ्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुण्याच्या माणसाची आहे. टी. व्ही. रामन. चौदाव्या वर्षी काचबिंदूने दृष्टी गेली, वाडिया कॉलेजात गणित केलं, मग आयआयटी मुंबई, मग कॉर्नेलची पीएचडी, आणि 2005 पासून गूगलमध्ये. काचेवर नंबर कसा फिरवायचा ह्यावर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने काढलेला उपाय असा, की स्क्रीनवर कुठेही बोट टेका, जिथे पहिल्यांदा टेकलं तिथे पाच. तिथून वर सरकवलं की दोन, खाली आठ, डावीकडे वर तिरकं गेलं की एक. चुकला आकडा तर फोन हलवायचा, शेवटचा आकडा पुसला जातो. मी हे वाचलं, म्हणजे ऐकलं, तेव्हा गाडीत होते, आणि मला एकदम गलबलून आलं. कारण ज्याने ते टिंब कधी बोटाने शोधलंय त्यालाच हे सुचणार. डोळस माणसाने विचार केला असता तर त्याने काचेवर पाच नेमका कुठे आहे हे मला शोधायला लावलं असतं. ह्या माणसाने तो पाच माझ्या बोटाखाली आणून ठेवला. तो डायलर आता कोणी वापरत नाही, टॉकबॅक पुढे बरंच बदललं, पण मला अजूनही वाटतं की टचस्क्रीन आमची होऊ शकते हे त्या क्षणी ठरलं.

शिकताना मात्र रडकुंडीला आले होते, खोटं कशाला बोलू. एक मैत्रीण, तीही पूर्ण अंध, ती मला दुसऱ्या फोनवरून शिकवायची. आता उजवीकडे स्वाइप कर. अगं हळू नाही, झटक्यात, माशी उडवतो ना तसं. आता दोन बोटांनी वर ढकल. खाली आणि मग उजवीकडे, इंग्रजी एल काढ. मला सुरुवातीला बोटं नुसती आखडायची, जास्त जोरात दाबायचे, काचेला जोर लागत नाही हे हाताला पटेना. मग एक दिवस पटलं. आता बोलण्याचा वेग इतका वाढवून ठेवलाय की शेजारी बसलेल्या माणसाला ती भाषा आहे हेच कळत नाही, आई म्हणते काय ग ते, किडे ओरडल्यासारखं. मला त्यातला शब्द न शब्द कळतो. आणि मराठी! आधी मराठी मजकूर हिंदी आवाजात वाचला जायचा, "ळ" आला की त्याचं काहीतरी भलतंच व्हायचं, आईच्या मेसेजमध्ये "गोळ्या घेतल्या" असलं तरी ऐकताना अंगावर काटा यायचा. मग ई-स्पीक नावाच्या सॉफ्टवेअरचा मराठी आवाज, तो बोलायचा बरोबर पण पत्र्याच्या डब्यातून. आता फोनमध्ये मराठी बोलणारी बाई आहे, आणि आई काय लिहिते ते आईच्या भाषेत येतं. फक्त फॅमिली ग्रुपवर मावशी एका ओळीत दहा इमोजी टाकते तेव्हा ते दहाही ऐकावे लागतात.

लोकलमध्ये माझी स्क्रीन काळी असते. पूर्ण बंद ठेवता येते ती, फोन चालू, आवाज चालू, काचेवर काही दिसत नाही. समोरची बाई हमखास सांगते, मॅडम तुमचा फोन बंद पडलाय. मी म्हणते नाही, चालू आहे. ती गप्प बसते पण तिला पटत नाही हे मला तिच्या श्वासावरून कळतं. मला स्वतःला ह्या काळ्या स्क्रीनचं जे समाधान आहे ते कसं सांगू. विरार असो की कर्जत, खच्चून भरलेल्या डब्यात डोळस बायकांच्या मेसेजमध्ये शेजारची डोकावू शकते, माझ्या मेसेजमध्ये कोणी डोकावू शकत नाही. ज्या मुलीचं पत्र सगळ्या व्हरांड्याला ऐकू यायचं ती आता सगळ्या गर्दीत बसून एकटी वाचतेय.

इंग्रजीत लिहायचं असेल तर ब्रेल कीबोर्ड वापरते. टॉकबॅकमध्ये तो 2020 ला आला. फोन आडवा धरायचा, स्क्रीन आपल्याकडे नाही, समोरच्या बाजूला, आणि मागून दोन्ही हातांची तीन तीन बोटं काचेवर, सहा टिंबांना सहा बोटं. शाळेत ज्या टिंबांवर वाढले तीच टिंबं, ब्रेल लिहायची पाटी आणि सळई जाऊन आता काच. मराठीसाठी मी साधा कीबोर्डच वापरते, बोट सरकवत अक्षर ऐकायचं आणि उचललं की उमटतं, वेळ लागतो. लोक म्हणतात बोलून टाईप कर ना, सोपं आहे. सोपं आहेच, पण मग परत सगळा डबा ऐकणार.

आता ह्या सगळ्याची दुसरी बाजू, जी मेडिकलमध्ये उभी राहिली.

हे स्वातंत्र्य माझ्या हातात आहे असं मला वाटतं, पण ते खरंतर कोणाकोणाच्या हातात आहे. दर ॲपच्या प्रत्येक पानावरच्या प्रत्येक बटनाला कोणीतरी नाव दिलेलं असावं लागतं. डोळस माणसाला चित्र दिसतं, घराचं, लिफाफ्याचं, कचऱ्याच्या डब्याचं. टॉकबॅकला जे नाव लिहिलेलं असेल ते मिळतं, नसेल तर ते म्हणतं अनलेबल्ड बटन, नाहीतर नुसतं बटन. मग अंदाज. तिसरं बटन म्हणजे डिलीट असावं, चौथं म्हणजे शेअर. पाठ करून ठेवायचं. आणि एके दिवशी अपडेट आलं की सगळा क्रम बदलतो, काल जिथे शेअर होतं तिथे आज डिलीट. भावाची मुलगी पुण्यात अँड्रॉइडचं काम शिकतेय, तिला विचारलं की ह्याला किती मेहनत लागते ग. ती म्हणाली, आत्या, एक ओळ. कंटेंट डिस्क्रिप्शन म्हणून असतं, त्यात बटनाचं नाव लिहायचं. मी म्हटलं मग लिहीत का नाहीत? तर म्हणाली, वर्गात कोणी सांगितलंच नाही, मी पण माझ्या प्रोजेक्टमध्ये लिहिलं नव्हतं. मग आम्ही दोघींनी मिळून तिचा प्रोजेक्ट टॉकबॅक लावून पाहिला, तिने फोन माझ्या हातात दिला आणि स्वतः गप्प राहिली. तिचं लॉगिनचं पानच मला पार करता आलं नाही. तिने त्याच रात्री सगळ्या बटनांना नावं दिली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या सरांना जाऊन विचारून आली की हे सिलॅबसमध्ये का नाही. मला ह्या पोरीचं फार कौतुक वाटलं.

कॅप्चाचं काय सांगू. तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा, चित्रातली वाकडी अक्षरं ओळखा. कुठे आवाजाचा पर्याय असतो, कुठे नसतो. आणि सगळ्यात कहर म्हणजे केवायसी. खातं उघडायचं, सिम घ्यायचं, की कॅमेऱ्यासमोर चेहरा चौकटीत आणा आणि डोळ्यांची उघडझाप करा. चौकट कुठे आहे हे फोन बोलत नाही. माझ्या एका मैत्रिणीचे डोळे लहानपणीच काढावे लागले, ती कशाची उघडझाप करणार? तिच्या बहिणीने शेजारी उभं राहून तिची मान धरून हलवली, तरी ॲपने तीनतीनदा नाकारलं.

ह्याच प्रश्नावर सुप्रीम कोर्टात गेलेले लोक होते, अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया आणि एक अंध वकील, वेगवेगळ्या याचिका, आणि 30 एप्रिल 2025 ला न्यायमूर्ती पारडीवाला आणि महादेवन ह्यांच्या खंडपीठाने निकाल दिला. डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं कोर्टाने म्हटलं आणि वीस निर्देश दिले. पापणी हलवण्याला पर्याय द्या, ॲप आणि वेबसाइटची ठरावीक काळाने तपासणी करून घ्या, मशीनने नाकारलेला अर्ज माणसाने परत बघावा अशी व्यवस्था ठेवा. मी तो निकाल फोनवर पूर्ण ऐकला, पानं भरपूर आहेत, दोन-तीन संध्याकाळी लोकलमध्ये ऐकत होते. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आधीपासून होताच, पण ह्या निकालात माझ्या रोजच्या जगण्यातली अडचण इतक्या बारकाईने लिहिलेली ऐकून मला एक वेगळंच वाटलं, कोणीतरी शेवटी नीट ऐकून घेतल्यासारखं. 2011 च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेले 50 लाख लोक मोजले गेले होते. एवढ्या लोकांना एका चुकलेल्या ओळीमुळे आपला पिन दुसऱ्याला सांगायची पाळी येऊ शकते.

पैशाच्या बाबतीत मला हे जास्त टोचतं. मधल्या काळात आम्ही किती पुढे आलो होतो! दुकानात तो छोटा स्पीकर बोलतो ना, इतके रुपये मिळाले म्हणून, तो खरंतर दुकानदारासाठी असतो, पण मला त्याचा केवढा आधार. पैसे गेले, बरोबर आकडा गेला, मला आणि त्याला एकाच वेळी कळलं. बॅलन्स मी स्वतः बघते. आईला सांगितल्याशिवाय आईच्या वाढदिवसाला साडी मागवली, आयुष्यात पहिल्यांदा तिला खरंच माहीत नव्हतं, कारण ह्या वेळी मध्ये दादा नव्हता.

अजून एक आहे जे माझं मलाच नीट सुटलेलं नाही. डेन्मार्कमधून 2015 ला बी माय आइज आलं, कॅमेरा लावला की जगातला कोणीतरी डोळस स्वयंसेवक आपल्या फोनवर येऊन दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचून देतो. 2023 पासून त्यात माणसाऐवजी एआयलाही विचारता येतं. फॅमिली ग्रुपवरचे फोटो आता मला कळतात, भाचीच्या बारशाचा फोटो त्याने असा वर्णन करून सांगितला की पाळण्याला झेंडूच्या माळा आहेत आणि बाळाने मूठ तोंडात घातलीय. मी तो चार-पाच वेळा ऐकला. मग एकदा माझा स्वतःचा तपासणीचा रिपोर्ट आला, कागदावर, लॅबचा. आईला वाचायला दिला असता तर ती घाबरली असती. मी दार लावून फोनसमोर धरला आणि मशीनने वाचला. कोणालाही न कळता मला कळलं. बराच वेळ नुसती बसून होते. तो कागद आता कुठल्यातरी लांबच्या कंपनीच्या कॉम्प्युटरवरही जाऊन आला, हे मला माहीत आहे. म्हणजे मध्ये कोणीतरी आहेच, फक्त त्याला आवाज नाही, डोक्यावरून हात फिरवायला तो येत नाही, आणि शेजारी बसलेल्या मुलींनाही तो सांगत नाही. तरी मी तेच करेन, परत रिपोर्ट आला तरी. पण बाईंची पण आठवण आली त्या दिवशी, हेही खरं.

घरात नवीन वॉशिंग मशीन घ्यायचं होतं तेव्हा दुकानात फिरलो, बहुतेक सगळी टच पॅनेलवाली, सपाट काच, आणि ती बोलत नाही. फोनची काच बोलायला शिकली तरी ही तशीच मुकी राहिलीय. शेगडीचं तेच, काही लिफ्टचं तेच. शेवटी गोल खटका असलेलं जुनं मॉडेल शोधून घेतलं, त्याच्या खुणांवर आईच्या टिकल्या चिकटवल्यात.

तर त्या ॲपवाल्यांना मी त्याच रात्री मेल लिहिला. कुठला फोन, अँड्रॉइडचं आणि ॲपचं कितवं व्हर्जन, कुठलं पान, स्वाइप केल्यावर काय ऐकू येतं आणि काय यायला हवं, हे सगळं लिहिलं, निकालाची तारीख पण टाकली. उत्तर आलं की ॲपची कॅशे, म्हणजे साठलेली तात्पुरती माहिती, क्लिअर करा, ॲप काढून परत टाका. काढून परत टाकलं, काही फरक नाही. मग पूर्ण पानाचं आवाजासकट रेकॉर्डिंग केलं आणि जोडून परत पाठवलं, खाली लिहिलं की कृपया हे टॉकबॅक वापरणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. अजून उत्तर नाही. आमच्या ग्रुपवर टाकलंय की ज्यांनी अपडेट केलं नसेल त्यांनी ऑटो अपडेट बंद करा आणि थांबा, दोघीतिघी म्हणाल्या आमचं पण तेच झालंय, एक जण तर रिक्षावाल्याला पिन सांगून आला होता, त्याला लगेच बदलायला लावला. सध्या मी दुसरं ॲप वापरतेय, त्यात आकडे बोलतात. तुमच्यापैकी कोणाला त्रास होत असेल तर तुम्हीही लिहा, माझा मसुदा देते, त्यात फक्त फोनचं मॉडेल आणि व्हर्जन बदलायचं आहे, आणि रेकॉर्डिंग करताना खरा पिन टाकू नका.